कल्हई

‘कल्हई उडाली’ असे आपण सहज म्हणतो. उडायला ती काय चिमणी आहे? थोडी घासताना राखेबरोबर जाते, हे खरे. पण उरलेली जाते कुठे? हा प्रश्न मला घातला आमच्या घरच्या एका पातेल्याने.

पातेले तांब्याचे, आईच्या लग्नातले. ती वैनगंगेकाठच्या आमच्या गावी सून म्हणून आली, तेव्हा गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा झाला १९८२ साली. माझ्या लहानपणी दिवाळी जवळ आली की कल्हईवाला हटकून येई. वडाखाली खड्डा करून भट्टी पेटवी, भाता लावी. भांडे तापले की नवसागराची चिमूट टाकी. पांढरा धूर नाकाला झोंबे, पण आम्ही पोरे हलत नसू. मग तो कथिलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरवी, आणि काळवंडलेल्या पातेल्यात आमची वाकडी तोंडे दिसू लागत!

नवसागर तांब्यावरचा मळ काढतो, एवढे त्यालाही ठाऊक होते. पुढची गंमत मी पुस्तकात वाचली. कथील २३२ अंशांवर वितळते. तांब्याला १०८५ अंश लागतात. तरीही न वितळलेले तांबे आपले कण कथिलात सोडते आणि सांध्यावर तिसराच पदार्थ जन्मतो. त्यात तांब्याचे सहा अणू असले तर कथिलाचे पाच. हा काशाचा भाऊबंद, पण करडा आणि ठिसूळ. कल्हई धरते ती याच्याच जोरावर.

आणि भट्टी विझली तरी हे काम थांबत नाही. रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली घन शिशात सोने कसे शिरते ते मोजून दाखवले होते. आमचे पातेले फळीवर पालथे पडले असतानाही तेच चालले होते. आतला करडा थर जाडावे, वरचे शुभ्र कथील खर्ची पडे. शेवटी तांबे उघडे पडले की ताक कळकायचे.

पुढे गॅस आला, स्टीलची भांडी आली. पातेले माळ्यावर गेले. यंदा सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, मोडीत द्या ना. आईंनाही आता उचलत नाही.” आईने नकार दिला नाही. मोड घेणारा दारात आला, त्याने पातेले उलटसुलट केले.

“गुरुजी, याला कथील लागलं आहे. चोख तांब्याचा भाव नाही मिळत. भेसळीचा लावतो.”

त्याचे काही चुकले नव्हते. इतक्या वर्षांचे कथील खरवडायचे, तर तांब्याचाही अंश जाणार. आई ओट्यावर वाती वळत होती. तिचा हात थांबला.

“मला या घरात येऊन पन्नास वर्षं झाली,” ती म्हणाली, “मलाही तोच भाव लावशील का रे बाप्पा?”

तो बिचारा हसला. मी तराजूतून पातेले उचलून घेतले. आता कल्हईवाला शोधतो आहे; चंद्रपुरात एक म्हातारा अजून भट्टी लावतो म्हणतात.