उपाशी म्हणजे काय?

ऊस-गुळाच्या मुलखात राहणाऱ्या आम्हां कोल्हापूरकरांना साखरेची थोरवी सांगावी लागत नाही. परंतु हीच साखर वैद्यकाच्या हाती दिवा होते, हे मला आईच्या आजारपणात उमगले.

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांना दोन वर्षे उलटली होती. पुन्हा शंका आली, म्हणून डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला. पहाटेच आम्ही पुण्यास निघालो. चिठ्ठीवर ‘उपाशी’ असे लिहिले होते. पण मधुमेही आईला भोवळ येईल या काळजीने साताऱ्यापाशी मीच तिला चहा-बिस्किटे दिली. रुग्णालयात रक्तातील साखर फार चढलेली निघाली आणि तपासणी पुढे ढकलली गेली. परतताना आई म्हणाली, ‘‘असू दे रे बाळा, मायेनंच दिलंस ना?’’ ते शब्द मला अधिक बोचले.

मग मी सारे नीट विचारून घेतले. या तपासणीत किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली, ग्लुकोजसारखी साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी ती अधिक ओढून घेतात व चित्रात उजळतात. अन्न पोटात गेले की इन्सुलिन वाढते, ती साखर स्नायूंकडे वळते आणि चित्र फसवे होते. म्हणून साधारण सहा तासांचा उपास. साधे पाणी मात्र चालते. आदल्या दिवशी कष्टाचे काम नको. मधुमेहाच्या औषधांविषयी आधी विचारावे, ती आपल्या मनाने बंद करू नयेत. गर्भवती वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने ते अगोदर सांगावे. जुने अहवाल सोबत न्यावेत. औषधातील किरणोत्सर्ग सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो. तेव्हा वेळही चुकवू नये.

दुसऱ्या खेपेस सुई दिल्यावर आईला तासभर निश्चल पडून राहायचे होते. बोलणेही वर्ज्य, कारण बोलताना जीभ व गळ्याचे स्नायू साखर घेतात. तिने ओठ न हलवता मनातच रोझरी म्हटली. त्या रात्री धाकट्या नातवाला मात्र तिने कडेवर घेतले नाही. लहान मुलांपासून काही तास दूर राहण्याची सूचना होती.

अहवालात छातीतील एक गाठ उजळलेली दिसली. माझे हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाले, ‘‘क्षयरोगाची गाठही अशीच उजळते. तुकडा तपासल्यावाचून काही ठरवू नका.’’

तो क्षयच निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी आई बरी झाली.

वाचकहो, चिठ्ठीवरचा शब्द समजला नाही तर विचारावा. माझी एक खेप वाया गेली ती न विचारल्यामुळे. आणि अहवाल वाचून एकदम धीर सोडला, तोही न विचारताच.