मायच्या टोपलीतलं धान: 100 पैकी 54

रोवणी आटोपली. पाऊस लागून आहे, पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं का ते विचारायला फोन लावला तर नेटवर्क नाही. म्हणून लिहीत बसलो. पोस्ट जाईल तेव्हा जाईल.

माय माघात गेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिला या पानावर पाहिलं आहे, हातात सूप आणि तोंड दुसरीकडे. आधार कार्डावर तिची जन्मतारीख 1 जानेवारी. आमच्याकडच्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांची तीच आहे. खरं वय विचारलं की म्हणायची, हेमलकशाला डॉक्टर आले तेव्हा मी लग्नाची झाले होते. लोकबिरादरीचं काम 1973 च्या डिसेंबरात सुरू झालं, त्यावरून हिशोब तुम्हीच करा. ती बोलायची माडियात, मी लिहितो मराठीत, तेवढा फरक धरून चाला.

घरातलं बियाणं तिच्या ताब्यात. बाबा नांगर धरायचे, पण कोणत्या बांधीत काय पडणार ते माय ठरवायची. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी एकटीच टोपली घेऊन बांधीत शिरायची आणि लोंब्या निवडायची. धुऱ्याजवळची एकही नाही. मी लहानपणी विचारलं होतं, काहून गं, तिथल्या तर मोठ्या आहेत. ती म्हणाली, "धुऱ्यावरचं धान पाहुण्यासारखं असते. त्याला ऊनही जास्त, खतही जास्त. मधात दाटीत राहून ज्यानं दाणा भरला ते घरचं." पुढं कृषी विद्यापीठाच्या एका शिबिरात साहेबांनी फळ्यावर हेच सांगितलं, कडेच्या ओळी बियाण्यासाठी सोडा. मी घरी येऊन तिला सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही.

लोंब्या पायानं हळू मळायच्या, कडक उन्हात तीन दिवस वाळवायच्या, दाणा दातानं कट्‌ वाजला पाहिजे. मग शेणानं सारवलेली बांबूची टोपली, वर पानांचं झाकण, आणि चुलीच्या वर आढ्याला. धुरानं काळी झालेली ती टोपली पाहून पाहुणे नाक मुरडायचे. सोंडे मात्र कधी लागले नाहीत.

सगळ्यात गमतीचं मिठाचं. कृषी सहायकांनी दाखवलं, 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, त्यात धान टाका, तरंगेल ते काढा, खाली बसेल ते दोनतीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. माय साध्या पाण्यात पोचट काढायचीच, पण मीठ पाहून चिडली. तिच्या लहानपणी व्यापारी चारोळी घेऊन बदल्यात मीठ द्यायचे, तेही मोजून. "माणसाले मीठ भेटत नव्हतं, आता धानाले द्यायचं?" त्या वर्षी तिनं हात लावू दिला नाही. पुढच्या वर्षी मी उठायच्या आधी तिनंच बादलीत मीठ कालवून ठेवलं होतं. काहून बदललं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

2023 हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा बाहेरून आलेल्या लोकांनी तिच्या कोसरीचे खूप फोटो काढले. ती नंतर हसत होती. श्रावणात धान संपायचं म्हणून कोसरीची आंबील प्यायचो, म्हणे, आता साहेब लोक पितात. नातीला मात्र तिनं बजावलं होतं, कोसरी सोडायची नाही, वरच्या रानात दुसरं काही टिकत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडं एक भारी धान आहे, काळ्या कुसळाचं, तांदूळ लालसर. तिच्या माहेराहून आलेलं. 2019 च्या पावसाळ्यात भामरागडच्या बाजारपेठेत पुन्हा पुन्हा पाणी शिरलं, तेव्हा आमच्या खालच्या बांधीतही चार दिवस पाणी उभं होतं. दुकानातून आणलेलं धान सडलं. हे अर्धं का होईना, उठलं. पण मागच्या हंगामात माय अंथरुणावर होती आणि नेमकी तीच बांधी तुडतुड्यानं बसवली. लोंब्या निवडायला काही उरलंच नाही. टोपलीत राहिलं ते त्याच्या आधीच्या वर्षीचं, मोजून 3 किलो. तिच्या हातचं शेवटचं.

विज्जा पंडुमला त्यातलं मूठभर नेलं. उरलेल्यातले 100 दाणे पोरीनं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. सातव्या दिवशी मोजले तर 54 उगवले होते. पुन्हा 100 ठेवले, 51. प्रमाणित भाताला किमान 80 लागतात. कृषी सहायक म्हणाले, खायला ठेवा आणि नवीन आणा. मग माझं तोंड पाहून थोडं थांबले आणि म्हणाले, नाहीतर एकेक काडी लावून पाहा.

तसंच केलं. पऱ्हे अगदी विरळ टाकले, बाराव्या दिवशी उपटले, 25 सेंटिमीटरवर दोरी धरून चुड्याला एकच काडी. रोवणीला आलेल्या बाया हसून बेजार. आमच्याकडं चुड्याला तीन-चार काड्या लावतात, मायही तशीच लावायची. एक काकू बोललीच, "तुझी माय असती तं हात धरला असता." बायको म्हणाली, धरला असता, आणि पुढच्या वर्षी स्वतःच लावलं असतं.

पाऊण एकराच्या आसपास बसलं आहे. काही चुडे मेले, ते भरून काढले. बाकीचे फुटायला लागलेत. बांधीच्या मधात पोरीनं बांबूचे चार खुंट ठोकून ठेवलेत. कार्तिकात लोंब्या तिथूनच घ्यायच्या, बाबा तुम्ही धुऱ्यावरूनच पाहा, असं तिनं मला सांगून ठेवलं आहे.

लाहेरी, आरेवाडा, कोठीकडं कोणाच्या घरी असं काळ्या कुसळाचं, लाल तांदळाचं जुनं धान असेल तर कळवा. दोन पायल्या पुरे. बदल्यात कोसरी देतो, मायच्याच हातची आहे, 100 पैकी 83 उगवली.