खसब आणि मस्कतहून बाबांना

जहाजावरून, होर्मुझच्या वाटेवर
जानेवारी

ती. बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

दुबईचे दिवे मघाशीच मागे पडले. उद्या सकाळी जहाज खसबला लागेल. नकाशा उघडून बघा. होर्मुझच्या सामुद्रधुनीत अरबस्तानाचं टोक जिथे इराणच्या दिशेनं घुसलंय, तो मुसंदम प्रांत ओमानचा आहे. ओमानच्या मुख्य भूमीपासून मात्र तो तुटलेला, कारण मधला मुलूख अमिरातीचा. खसब हे या प्रांताचं मुख्य गाव.

उद्याच्या सहलींची यादी संध्याकाळी हातात आली. जीपमधून डोंगर, पोर्तुगीजांच्या काळातला किल्ला, बाजार, आणि लाकडी गलबतातून दिवसभर खाडी. बरोबरची मंडळी एका दिवसात दोन-तीन गोष्टी बसवायच्या खटपटीत आहेत. मी फक्त खाडी घेतली, कारण त्या खाडीत एक बेट आहे आणि त्याचं नाव टेलिग्राफ आयलंड. तारघरात उभी हयात काढलेल्या माणसाच्या लेकीनं दुसरं काय निवडावं?

आईला सांगा, समुद्र शांत आहे आणि जेवण व्यवस्थित आहे.

तुमची,
मीना

* * *

खसब, संध्याकाळ

ती. बाबा, सा. न.

आजचा दिवस तुमच्याबरोबर काढला असंच वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

गलबताच्या फळ्यांवर गालिचे आणि लोड-तक्के मांडले होते. वेलदोडा घातलेला कहवा आणि खजूर सारखे फिरत होते. तांडेल इथल्याच एका खेड्यातला, हिंदी चांगलं बोलणारा. खोर अश शाम ही खाडी सोळा-सतरा किलोमीटर आत गेली आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उघडे डोंगर, नावालाही झाड नाही. लोक याला फियॉर्ड म्हणतात, पण इथे हिमनदीचा काही संबंध नाही. अरबस्तानाचा भूपट्टा इराणच्या बाजूला खाली दबत चालला आहे, त्या ओढीनं हे डोंगर खचताहेत आणि जुन्या दऱ्यांमध्ये समुद्र शिरला आहे. वर दिसतात ते त्या खचलेल्या डोंगरांचे माथे.

काठावर नदीफी, कनाहा अशी चिमुकली गावं आहेत. रस्ता एकालाही नाही, पिण्याचं पाणीसुद्धा बोटीनं येतं. एका गावापुढे पाण्याची बोट लागलेली होती. एक म्हातारा टाकीशी उकिडवा बसून नळीचं तोंड दोन्ही हातांनी धरून होता. टाकी भरल्यावर त्यानं नळी उंच धरली, आत उरलेलं पाणी बादलीत निथळू दिलं आणि मगच ती बोटीकडे टाकली. पुढे डॉल्फिन आले, गलबताच्या नाळेशी शर्यत लावून पळाले, सगळ्यांनी फोटो काढले. माझं लक्ष बेटाकडे.

बेट म्हणजे पाण्यातून वर आलेला एक खडक. बाकीचे पोहायला उतरले, मला होडीतून पायऱ्यांशी सोडलं. वर दगडी भिंतींचे अवशेष आहेत, काही गुडघाभर, काही कमरेएवढे. खोल्यांचे चौकोन ओळखू येतात. भिंतीतल्या चुन्याला बोट लावलं तर पीठ झालं. जानेवारीत ऊन सोसवतं, पण उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि चारही बाजूंचे डोंगर वारा अडवून धरतात. त्या खोल्यांत माणसं तारयंत्रापुढे बसत होती.

ही तार मुंबईची होती, बाबा. 1864 साली ग्वादरहून मुसंदम, बुशायर करत आखाताच्या टोकाला फाओपर्यंत समुद्रतळाशी केबल टाकली. मध्ये तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं वेष्टन आणि बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. विलायतेत बनलेली ही केबल शिडाच्या जहाजांतून आधी मुंबईला आली आणि मग आखातात गेली. त्यांतलं ‘ट्वीड’ हे जहाज तर मुंबईच्याच गोदीत वाडियांनी बांधलेलं होतं. पुढच्या वर्षी फाओच्या पुढची तुर्कस्तानातली तार जोडली गेली आणि मुंबई-लंडन बोलणं सुरू झालं. त्याआधी विलायतेच्या टपालाला महिनाभर लागे. तेव्हा मुंबई कापसाच्या तेजीत होती, आणि त्याच 1865 साली अमेरिकेतलं युद्ध संपून भाव कोसळले. लिव्हरपूलच्या बाजारावर ज्या शहराचं नशीब टांगलेलं, त्याला या तारेची किंमत काय वाटली असेल!

बेटच का निवडलं, तर मुख्य भूमीवरच्या टोळ्यांची धास्ती होती आणि खडकाची राखण सोपी. चार-पाच वर्षांतच ठाणं इथून हललं. 1870 मध्ये सुएझ-एडनमार्गे केबल थेट मुंबईला पोचली आणि विलायतेच्या तारांना तो दुसरा रस्ता मिळाला.

आणखी एक. जुन्या इंग्रजी नकाशांत या खाडीचं नाव ‘एल्फिन्स्टन इनलेट’ आहे. 1820 च्या दशकात मुंबईच्या आरमारी सर्वेक्षकांनी हा किनारा मोजला आणि आपल्या गव्हर्नरचं नाव खाडीला दिलं. ज्या नावाच्या स्टेशनवर आपण वर्षानुवर्षं उतरलो, तेच हे नाव.

त्या काळी संदेश लांबवर क्षीण होई. मधल्या ठाण्यावरचा माणूस तो वाचून, उतरवून, पुन्हा हातानं पुढे पाठवी. कुणाचं मरण, कुणाचा जन्म, कुणाचा सौदा, सगळं त्याच्या बोटांतून जाई आणि त्यातलं त्याचं काहीच नसे. तुम्हीही हेच केलंत. 2013 च्या जुलैत आपल्याकडची तार बंद झाली, तेव्हा बातम्या शेवटच्या तारेच्या आल्या. रात्रपाळी करणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. माझी विनंती आहे, तुम्ही लिहून काढा. रात्रपाळी कशी चाले, चूक कशी पकडली जाई, दुःखाची तार हातात आली की काय करत होतात. भिंती पाहून यातलं काही कळत नाही, हे मी आज बघितलं.

तुमची,
मीना

* * *

मस्कत, मत्रा बंदर

ती. बाबा, ती. आई, सा. न.

काल लांबच्या समुद्रातून वळसा घालून आज मस्कतला आलो. बंदर मत्रा भागात आहे. मालाची मोठी जहाजं 2014 पासून सोहारला जातात, इथे आता प्रवासी उतरतात. बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, फाटकापर्यंत बस सोडते आणि तिथून समुद्रकाठचा रस्ता सुरू होतो.

आई, तू विचारशील म्हणून आधीच सांगते, सुलतान काबूस मशीद आज पाहिली नाही. शुक्रवार सोडून रोज सकाळी आठ ते अकरा ती सर्वांना खुली असते, पण मग उरलेला दिवस धावपळीत जातो. ती बांधायला तीन लाख टन वालुकाश्म आपल्या देशातून आला. पुढच्या वेळी आपण मिळून बघू.

मी बहुतेक वेळ मत्रातच फिरले. मासळीबाजारात गेले तर ओट्यावर हातभर लांब सुरमई. तिला इथे ‘कनद’ म्हणतात. विक्रेत्यानं कल्ला उचलून दाखवला, अगदी आपल्या कोळणीसारखा. बाजूलाच लवातियांचा गढीवजा मोहल्ला आहे, सिंध-गुजरातकडून आलेल्या खोजा कुटुंबांचा. पांढऱ्या घरांचे लाकडी सज्जे समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. जुन्या मस्कतात राजवाड्याजवळ शंकराचं मोतीश्वर देऊळ आहे. कच्छच्या व्यापाऱ्यांनी ते पिढ्यानपिढ्या सांभाळलं. तिथे जाऊन डोकं टेकवून आले.

या गावाचं आणि मुंबईचं येणं-जाणं किती होतं! 1970 पर्यंत इथे आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी काढलेले रुपये चालत. 1932 साली गादी सोडलेले सुलतान तैमूर पुढे मुंबईत राहिले आणि 1965 मध्ये तिथेच वारले. ‘द्वारका’ ही आगबोट मुंबईहून आखातात माणसं नेत होती ती 1982 पर्यंत. आता विमान तीन तासांच्या आत आणतं आणि आपण या गावाला परदेश म्हणतो.

सूकमध्ये, म्हणजे बाजारात, होजारी लोबान घेतला. हा दोफार प्रांतातल्या झाडांचा डिंक. दुकानदारानं फिकट हिरवट खडे वेगळे काढले, एक निखाऱ्यावर टाकला आणि धूर विरेपर्यंत मला थांबवून ठेवलं. घाई करणाऱ्याला लोबान कळत नाही, म्हणाला. देवघरासाठी आणते आहे.

तुम्ही दोघांनी पुढच्या हिवाळ्यात यायचंच. नोव्हेंबर ते मार्च हवा चांगली असते. खसबला फक्त गलबत घ्या, मस्कतला फक्त मत्रा घ्या. बंदरात मिळतो एकच दिवस, तो एकाच जागेला द्यावा, म्हणजे ती जागा तुमच्याशी बोलते. बाबांचा गुडघा त्या बेटाच्या पायऱ्या चढू शकेल, मी नीट पाहून ठेवलंय. तिकिटांचं मी बघते.

तुमची,
मीना