गरमच नाही होऊन राहिलं!

पुण्या-मुंबईच्या मित्रांना सिरोंचा कुठे आहे हे सांगताना मी एक सोपी युक्ती वापरतो. महाराष्ट्राचा नकाशा घ्या, उजव्या हाताला खाली जा, अजून खाली जा, आणि आता बोट तेलंगणात घसरणार असं वाटलं की थांबा. ते सिरोंचा! गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. १९८२ पर्यंत हे चंद्रपूर जिल्ह्यात होतं. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर कालेश्वरम, म्हणजे तेलंगणा. नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ. गावात मराठी चालते, तेलुगू धावते आणि हिंदी दोघांची भांडणं सोडवते.

तिथे माझी मावशी राहते. मावसभाऊ, म्हणजे दादा, बसस्टँडकडून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर छोटं हॉटेल चालवतो. हॉटेल म्हणजे आपलं ते 'हॉटेल'... चार बाकडी, दोन शेगड्या, सकाळी इडली-वडा, दिवसभर चहा.

तर झालं असं की एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचं पुष्कर होतं. गुरू मीन राशीत आला की प्राणहितेला पुष्कर लागतं आणि बारा दिवस नदीवर स्नानाला ही गर्दी होते. लोक म्हणतात बारा वर्षांनी येतं. गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी ११.८६ वर्षांची, तेव्हा 'बारा' हे आपण राऊंड ऑफ केलेलं. आधीचं पुष्कर डिसेंबर २०१० मध्ये झालं होतं, हे १३ ते २४ एप्रिल २०२२. मधल्या काळात प्राणहितेवर पूल झाला होता, त्यामुळे पलीकडून येणारी गर्दी या वेळी नावेत नाही तर सरळ गाडीत बसून येणार होती.

दादाने हिशेब केला. तेलुगू मंडळी येणार, म्हणजे कॉफी पिणार. वहिनीने बचत गटातून तीस हजार उचलले आणि एक सेकंडहँड चहा-कॉफीचं मशीन आलं. तेच ते, आपल्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत असतं तसं. बटण दाबा, पावडर पडते, गरम पाणी येतं, आतली फिरकी घुसळते, कप भरतो. बारा दिवसांत हप्त्यांचे पैसे निघतील असा अंदाज होता.

मी हैदराबादला होतो. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती गुरुवारी, १५ ला गुड फ्रायडे, पुढे शनिवार-रविवार. असा लाँग वीकएंड आयटीवाल्याच्या आयुष्यात पुष्करासारखाच क्वचित येतो. :-) सकाळी निघायच्या तयारीत असताना दादाचा फोन.

"अबे, तू इंजिनियर हायेस ना? मशीन चालू हाये, लाइट लागते, पावडर पडते, पन पानी गरमच नाही होऊन राहिलं!"

मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आणि पोटासाठी जावा लिहितो. पण घरच्यांच्या लेखी 'इंजिनियर' हा एकच प्रकार असतो, त्यात फॅनपासून वेबसाइटपर्यंत सगळं येतं. सॅकमध्ये कॉलेजच्या काळातला मल्टिमीटर टाकला आणि निघालो.

दुपारी पोचलो तेव्हा हॉटेलसमोर ओल्या कपड्यांतली, अनवाणी माणसं उभी होती. एका आजोबांनी कप ओठाला लावला आणि परत ठेवला. "अन्ना, वेडिगा लेदु!" गरम नाही. दादा दोन शेगड्यांवर चहा उकळत होता, पण दोन शेगड्या म्हणजे दोन शेगड्या. त्या भट्टीपाशी एप्रिलच्या दुपारी उभं राहणं काय असतं, ते सिरोंच्याला गेल्याशिवाय कळणार नाही.

ज्याच्याकडून मशीन घेतलं होतं त्याला दादाने फोन केला होता. त्याचं म्हणणं, माणूस पुढच्या आठवड्यात येईल, आणि घाई असेल तर 'कटऑफला वायर मारून डायरेक्ट करून टाका'. हे 'डायरेक्ट' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, तुमच्या घरच्या गीझरलाही हेच लागू आहे.

पाणी तापवणाऱ्या कुठल्याही यंत्रात वीज एका साखळीतून जाते. प्लग, मग कट-आऊट, मग रिले, मग कॉइल. चारही सलग. एक कडी तुटली की पाणी थंड. कॉइल म्हणजे नळीच्या आत निक्रोमची तार (अल्बर्ट मार्शने १९०६ मध्ये पेटंट घेतलेला निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची ठासून भरलेली पूड. ही पूड उष्णता जाऊ देते पण वीज अडवते, म्हणून तापलेली तार पाण्यात असूनही आपल्याला शॉक बसत नाही. रिले म्हणजे बोर्डाच्या हुकमावर उघडझाप करणारा स्विच. आणि कट-आऊट म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंची जोडलेली चकती. तापली की दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, चकती 'टक' करून उलटी वाकते आणि वीज तोडते. कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने समुद्रावर वेळ अचूक दाखवणाऱ्या घड्याळांसाठी असली दुधातूची पट्टी वापरली होती.

पहिला संशय सगळ्यांनी व्होल्टेजवर घेतला. संध्याकाळी तिथे व्होल्टेज खरंच पडतं. त्यात पुष्कराची दुकानं, दिवे, कूलर. पण गणित करून बघा. २३० व्होल्टला २००० वॉटची कॉइल १५५ व्होल्टवर किती देईल? वॅट म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, तेव्हा उत्तर येतं साधारण ९०० वॅट. पाच लिटर पाणी २५ वरून ९० अंशांवर न्यायला पूर्ण दाबावर ११-१२ मिनिटं लागतात, इथे २५ लागतील. म्हणजे कमी व्होल्टेजने पाणी उशिरा तापतं. अजिबात तापत नाही असं होत नाही. पाणी जर नळासारखंच गार असेल तर साखळी कुठेतरी तुटलेली आहे.

प्लग काढला, टाकी रिकामी केली, पत्रा उघडला. कॉइलचा रेझिस्टन्स २६-२७ ओहम यायला हवा, २६.८ आला. कॉइल जिवंत! कट-आऊटवर मीटर लावला तर काहीच नाही. उघडा. सापडला!

त्या कट-आऊटच्या मधोमध एक बारीक बटण असतं. ते दाबलं की चकती पुन्हा सरळ होते आणि मशीन सुरू. दादा म्हणाला, "मंग दाब ना बाप्पा!"

मी दाबलं नाही. कारण कट-आऊट हौस म्हणून उडत नाही. तो उडाला म्हणजे आतलं काहीतरी नको इतकं तापलं होतं. का तापलं?

पुढची कडी रिले. मशीनचा प्लग काढलेला आहे, म्हणजे रिले उघडा हवा. मीटर लावला तर बीप! कॉन्टॅक्ट चिकटले होते, वितळून एक झाले होते. आता चित्र स्पष्ट झालं. वहिनीला विचारलं, गेल्या दोन संध्याकाळी काही वेगळं झालं होतं का?

"हो ना, डिस्प्ले सारखा बंद-चालू व्हायचा. अन् आतून टकटक आवाज येत होता."

हे ऐकून मला जवळजवळ आनंदच झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर हा रिबूट लूप! बोर्ड सुरू झाला की रिलेला म्हणतो, लाव कॉइल. कॉइलने करंट ओढला की आधीच कमी असलेलं व्होल्टेज अजून खाली बसतं. त्या व्होल्टेजवर बोर्ड तग धरत नाही, बंद पडतो. बोर्ड बंद म्हणून रिले सुटतो, कॉइल बंद, व्होल्टेज वर, बोर्ड पुन्हा सुरू, पुन्हा 'लाव कॉइल'... दर टकटकीला कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी. शेवटी ते चिकटले. तेराच्या रात्री हॉटेल बंद झालं, पण मशीनचा स्विच चालू राहिला. पाणी उकळत राहिलं, वर ठेवलेला कॅन संपला, टाकीतली पातळी खाली गेली. बोर्डाने नियमाप्रमाणे 'पाणी कमी, कॉइल बंद' असा हुकूम सोडला असणार. पण चिकटलेला रिले कोणाचं ऐकतो? शेवटी उडाला तो कट-आऊट. ना त्याला प्रोग्रॅम, ना डिस्प्ले. मावशीचं घर हॉटेलच्या मागेच आहे, मधे एक लाकडी दार. त्या रात्री सगळे तिथेच झोपले होते.

आणि फोनवरचा सल्ला काय होता? ह्यालाच वायर मारून डायरेक्ट करा!

कॉलेजात थेराक-२५ शिकवलं होतं ते तिथे मशीनसमोर उकिडवं बसल्यावर नीट समजलं. ते कॅन्सरवरच्या रेडिएशन उपचाराचं यंत्र. आधीच्या मॉडेलमध्ये यांत्रिक आणि विद्युत सुरक्षा-कड्या होत्या, या नव्या मॉडेलमध्ये त्या काढून त्यांचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा मिळाली, काही दगावले. सॉफ्टवेअरमधल्या चुका जुन्याही होत्या, पण आधीच्या यंत्रात त्या कड्यांनी सांभाळून घेतल्या होत्या. आपण सॉफ्टवेअरवाले अडवणाऱ्या गोष्टींवर चिडतो. व्हॅलिडेशन फेल होतंय? कमेंट करून टाक. अलर्ट सारखा वाजतोय? म्यूट कर. हे आपलं 'डायरेक्ट'.

असो. रिले आणायचा कुठून? नागपूर लांब, हैदराबाद लांब, त्यात सुट्टी. गावात मोटर रिवाइंडिंग करणारे एक मेस्त्री आहेत, साठीच्या पुढचे. मराठी, तेलुगू आणि हिंदी एकाच वाक्यात बोलतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, कोपऱ्यातल्या ढिगातून एक मेलेला स्टेबलायझर ओढला आणि त्यातून ३० अँपिअरचा रिले काढून हातावर ठेवला. जुना १० अँपिअरचा होता आणि पूर्ण दाबावर कॉइल ८.७ अँपिअर ओढते. नव्याचे पाय बोर्डात बसेनात, म्हणून वायरी जोडून तो बाजूला पक्का केला. कॉइल कोरडी तापली होती, म्हणून मेस्त्रींनी मेगर लावून हँडल फिरवलं. माझा मीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, मेगर ५०० व्होल्ट लावून बघतो. गळती नाही. मग नवा रिले नीट उघडतो-मिटतो हे पाहून ते बटण दाबलं. टिक.

पण व्होल्टेजचं काय? २००० वॉटला पुरेल असा स्टेबलायझर महाग. मी त्यावर विचार करत होतो तेवढ्यात मेस्त्री म्हणाले, "कॉइलला कायले पायजे स्टेबलायझर? ते तं उशिरा तापन. बोर्डाले द्या." बोर्ड खातो किती, जेमतेम काही वॅट. टीव्हीचा छोटा स्टेबलायझर फक्त बोर्डाला लावला, कॉइलला सरळ लाइन. दोन ओळींचं उत्तर! आमच्याकडे याला 'डीकपलिंग' म्हणतात आणि त्यावर दोन तासांची मीटिंग होते.

निघताना मेस्त्रींनी सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघितला. लागला नाही. तिसरी पिन होती, पण तिच्यामागे वायरच नव्हती. पत्र्याचं मशीन, नदीतून आलेली ओली, अनवाणी माणसं... पुढचं मी बोललो नाही, दादालाही कळलं. त्याच संध्याकाळी मोरीच्या बाजूला, जिथे जमीन बारा महिने ओली असते, तिथे खड्डा खणला. पाईप, मीठ, कोळसा, जाड तार. पुन्हा बल्ब लावला. या वेळी लख्ख! मशीन मात्र त्यानंतरच सुरू झालं. तोवर रात्रीचे नऊ वाजले होते आणि दुपारपासूनची कॉफीची गिऱ्हाइकं हातची गेली होती. दादा थोडा कुरकुरला, वहिनी नाही.

उरलेले दहा दिवस मशीन चाललं. संध्याकाळी हळू, पण चाललं. हप्ते सगळे निघाले नाहीत, बरेचसे निघाले. मे २०२५ मध्ये पलीकडे कालेश्वरमला सरस्वती पुष्कर झालं तेव्हा त्याच मशीनने राहिलेली कसर भरून काढली.

एक गोष्ट मात्र कायमची बदलली. दादाने एक स्वस्तातला मीटर घेतला आहे, गल्ल्यात दोन रिले ठेवलेत आणि रात्री मेन स्विच स्वतः खाली करतो. पूर्वी त्याचा फोन यायचा तो 'चालून नाही राहिलं' एवढाच. गेल्या महिन्यात फोन आला तो असा:

"१६४ येऊन राहिलं, कॉइल २७ दाखवते, कट-आऊट बरोबर हाये, बोर्डाच्या स्टेबलायझरचा फ्यूज उडला. बदलला. तुले असंच सांगितलं."

आमच्या टीममधल्या किती जणांचे बग रिपोर्ट इतके चांगले असतात, ते तुम्हीच सांगा!