उभ्या उभ्या

पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानांत पूर्वी सगळेच बसायचे. चपला बाहेर काढायच्या, पांढरी चादर घातलेल्या गादीवर मांडी ठोकायची आणि समोर मांडी घालूनच बसलेल्या माणसानं एकेक घडी उलगडत जायची. मालक बसलेला, नोकर बसलेला, गिऱ्हाईक बसलेलं. मग काच आली, एसी आला, काउंटर आला. गिऱ्हाइकांना उंच गोल स्टुलं मिळाली, मालक गल्ल्यामागच्या फिरत्या खुर्चीत गेला. काउंटरपलीकडचा माणूस तेवढा उभा राहिला. तो अजून उभाच आहे.

त्यांतले एक काका माझ्या चांगल्या ओळखीचे. माझा शालू त्यांनीच दाखवला होता, तेव्हा ते गादीवर होते. आता साठी उलटून गेलीय. दुकानानं दिलेल्या मरून टी-शर्टच्या कॉलरआड तुळशीची माळ असते. घडी डाव्या पंजावर तोलून उजव्या हातानं असा काही झटका देतात की सबंध पदर काचेवर जाऊन पसरतो, आणि काठ बरोबर गिऱ्हाइकाच्या बाजूला येतो. ‘घेतलीच पाहिजे असं नाही ताई, बघा तर खरं’ हे वाक्य दिवसातून कितीदा म्हणत असतील, पांडुरंगालाच ठाऊक. गिऱ्हाईक अगदीच अडलं तर ते साडी स्वतःच नेसून दाखवतात. टी-शर्ट-पँटवरून निऱ्या घालून, पदर खांद्यावर घेऊन, पांढऱ्या मिशीचे काका आरशासमोर एक गिरकी घेतात. कॉलेजातल्या मुली तोंडावर हात धरून हसतात. मी एकदा विचारलं, ‘काका, अवघडल्यासारखं नाही होत?’ तर म्हणाले, ‘अहो, भजनात गौळण म्हणताना आम्ही मिशीवाले सगळे गोपीच की! तिथं लाज नाही, मग इथं कसली?’

ही झाली वरची बाजू. काउंटरखाली काय चाललंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. काकांच्या पोटऱ्यांवर निळसर शिरांच्या गाठी आल्या आहेत. संध्याकाळी पायमोजे काढले की इलास्टिकचा वळ घोट्यावर खोल उमटलेला असतो. डॉक्टरांनी सांगितलंय, उभं राहू नका. हे म्हणजे कोळ्याला पाण्यात जाऊ नका सांगण्यासारखं! दुकानात गर्दी नसली तरी बसायचं नाही, कारण रिकामा बसलेला सेल्समन दिसला की गिऱ्हाईक पायरी चढत नाही, असा मालकांचा समज. वर कॅमेरा. डबा मागच्या गोडाउनमध्ये, गठ्ठ्यांच्या आडोशाला, वीस मिनिटांत उरकायचा. त्यात आता टार्गेट आलं. मोबाइलवर फोटो दाखवून ‘अगदी हीच हवी’ म्हणणाऱ्या आल्या. आणि तासभर काठ चाचपून, व्हिडिओ कॉलवर नगरच्या आत्याला अख्खा ढीग दाखवून, ‘ऑनलाइन बघतो आम्ही’ म्हणून उठणाऱ्याही आल्या. त्या उठल्या की ढीग काकांच्या पुढ्यात. प्रत्येक साडीची मोडलेली घडी पुन्हा पहिल्यासारखी घालायची, मूळच्या चुणीवर चुणी बसवत.

मग घरी का बसत नाहीत? बसले तर खायचं काय, हा सरळ प्रश्न आहे. वीसहून कमी माणसांच्या दुकानाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागू होत नाही, आणि काकांची उमेदीची वर्षं अशाच दुकानात गेली. ज्यांना निधीतून पेन्शन मिळते त्यांचीही किमान रक्कम 2014 साली महिना 1000 रुपये ठरली. त्या रकमेत काकांच्या दुकानातली साधी साडीसुद्धा येताना मारामार. साठी उलटल्यावर दुसरीकडे नवी नोकरी कोण देणार? तेव्हा आहे ती टिकवायची.

ती टिकवायला बळ कुठून येतं, हे मी घड्या घालताना त्यांच्या ओठांकडे बघून ओळखलं. ओठ हलत असतात. हरिपाठ चालू असतो. त्यांना तो पाठ, त्यामुळे हात आणि ओठ दोन्ही आपापल्या कामात. गिऱ्हाईक काही न घेता गेलं याचा राग हरिपाठ संपेपर्यंत उरत नाही, असं ते सांगतात. वर एक व्यवहारी टिप्पणी: ‘रागानं घातलेली घडी बसत नाही.’ एकादशीला डब्यात साबुदाण्याची खिचडी, आणि त्या दिवशी कितीही ताणलं तरी आवाज चढवायचा नाही, हा नेम.

देवाचं नि धंद्याचं पंचांगही जमून गेलंय. वैशाख-ज्येष्ठात लग्नसराईचे बस्ते. एकेका घरची दहा-बारा माणसं, नवरीचा शालू, विहिणीचा मान, करवल्या, आत्या, मावश्या. रात्री शटर अर्धं खाली येईपर्यंत पाय टेकायला सवड नाही. मग आषाढी एकादशी येते, देव चार महिने निजतात आणि लग्नाचे मुहूर्त आटतात. पुढं मंगळागौरी नि गौरी-गणपती पुन्हा उभं करणारच. पण मधला आषाढ काकांच्या पायांचा. देव झोपतात म्हणून मला जरा टेकता येतं, म्हणतात.

आषाढीच्या थोडं आधी दोन्ही पालख्या पुण्यात येतात आणि लक्ष्मी रोडनंच जातात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. काकांना सगळी वारी करायची रजा कधी मिळाली नाही. ते एकच दिवस मागून घेतात आणि माउलींबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालतात. रात्री एसटीनं परत, सकाळी काउंटरला हजर. आणि गंमत अशी की त्या दिवशी पाय दुखत नाहीत! काका याला माउलींची कृपा म्हणतात. डॉक्टर म्हणतात, चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, नुसतं उभं राहिलं की ते खाली साचतं. मला दोन्ही खरं वाटतं. माणूस चालण्यासाठी घडलाय, तासन्‌तास एका जागी रोवून ठेवण्यासाठी नाही.

वारकऱ्यांना दुकान परकं नाहीच म्हणा. नामदेव शिंप्याच्या घरातले, कापडाशी नातं असलेले. तुकोबा तर वाणी. दुष्काळात दुकानाचं दिवाळं निघालं, घरात मरण आलं, आणि नंतर आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली असं सांगतात. काकांना तुकोबा जवळचे वाटतात ते यामुळे. तराजू धरलेल्या, उधारी बुडालेल्या माणसाला गिऱ्हाइकाचा त्रास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इथवर ऐकून कुणालाही बरं वाटावं. गल्ल्यामागं विठ्ठलाची तसबीर लावणाऱ्या मालकांनाही वाटतं. ‘आमचे काका देवमाणूस, कधी कुरकुर नाही,’ असं ते कौतुकानं गिऱ्हाइकांना सांगतात. मला हे कौतुक खुपतं. एकाच्या सोसण्याला भक्ती म्हटलं की दुसऱ्याचा स्टुलाचा खर्च वाचतो. विठोबा विटेवर उभा आहे हे खरं, पण तो आपल्या मर्जीनं, भक्ताच्या प्रेमापोटी. त्यातही पुंडलिकाची गोष्ट नीट आठवावी. आईबापांचे पाय चेपण्यात तो गुंतला होता, दारी साक्षात देव आला तरी उठला नाही. तरी पाहुण्याच्या पायाखाली काहीतरी हवं एवढं भान त्याला होतं. हाताशी वीट होती, ती दिली. आणि ज्यांच्यासाठी देवाला थांबवलं ती दोन म्हातारी माणसं होती, हे तसबीर लावणाऱ्यानं विसरू नये.

पायांचा विचार आपल्याकडे कुणी केलाच नाही असंही नाही. 1948 च्या कारखाना कायद्यानं उभ्यानं काम करणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय ठेवा असं सांगितलं. दुकानं मागं राहिली. केरळातल्या कोळिकोडच्या मिठाई गल्लीत कार्यकर्त्या पी. विजी आणि कापडाच्या दुकानांतल्या सेल्सगर्ल यांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. अखेर 2018 मध्ये केरळनं दुकान कायद्यात तो हक्क घातला, 2021 मध्ये तमिळनाडूनं. त्या बायकांना बोनस, सोनं असलं काही नको होतं. गिऱ्हाईक नसताना दोन घटका टेकायला जागा हवी होती. ती मागावी लागली.

काका मागणार नाहीत. मी विषय काढला तर ‘पांडुरंग उभा ठेवतोय तोवर उभा’ म्हणून पुढची साडी उलगडतील. आणि ‘तुम्ही बसा काका’ असं मी म्हणून उपयोगही नाही, कॅमेऱ्याखाली ते बसणार कसे? बोलायचं ते मालकांशी. बस्ता बांधणाऱ्या घराचं ते ऐकतात, कारण बिल मोठं असतं. सवलतीसाठी आपण तिथं अर्धा तास हुज्जत घालतो. त्यातली पाच मिनिटं काउंटरपलीकडच्या स्टुलासाठी घालायला हरकत नाही. पुढच्या वैशाखात भाचीचं लग्न आहे. बस्ता त्याच दुकानात बांधायचा ठरलाय, आणि ही अट मी यादीत शालूच्या वर लिहिली आहे.