खळ्यावरचा भोवरा

आमच्या घरात कूलरचा एक रिकामा खोका आहे. कूलर गच्चीवर जाऊन केव्हाच गंजला. पण खोक्याला मात्र देव्हाऱ्याइतका मान आहे. तो उलगडून, सपाट करून भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, आणि चुकून त्यावर कोणाचा पाय पडला की माझ्या मुलीच्या कपाळाला आठी पडते. संध्याकाळ झाली की ती तो ओसरीवर अंथरते आणि डोके खाली, पाय वर करून जे काही आरंभते त्याला 'ब्रेकिंग' म्हणतात. मी 'ब्रेकडान्स' म्हणालो तर ती मला सुधारते. गेली अठरा वर्षे पोरांचे शुद्धलेखन सुधारून पोट भरणाऱ्या माणसाला घरात बसल्या बसल्या शब्द सुधारून मिळावा, आणि तोही पोटच्या पोरीकडून, हा दैवाचा न्यायच म्हणायचा.

सौभाग्यवतीचा या प्रकाराला विरोध नाही. तिचा प्रश्न एवढाच असतो, की याचे दहावीला गुण मिळतात का? २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग आले तेव्हा तिला मोठी आशा वाटली होती. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत ते नाही हे कळल्यावर तिने खोक्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिले. असो.

मुलगी खोक्यावर पाठ टेकून गरगर फिरू लागली की मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो. लाज वाटते म्हणून नव्हे. त्या फिरण्याशी माझा एक जुना हिशेब आहे, आणि तो इतकी वर्षे मी कोणाला दाखवला नव्हता.

आमचे कोंढा हे भंडारा-पवनी रस्त्यावरचे गाव. धानाचा मुलूख. हलके धान दिवाळीच्या सुमारास हाती येते आणि भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटले की वांगी-टोमॅटो दिसू लागतात, म्हणून सांगितले पाहिजे की आमची मंडई म्हणजे जत्रा. दिवसा दुकाने, पाहुण्यांची गर्दी, जिलेबीचे घाणे. आणि रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर झाडीपट्टीचे नाटक. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेला उठते. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, आणि गावातल्या ज्या कोणाला चार लोकांसमोर उभे राहून काही करून दाखवायचे असेल त्याला वर्षातून ही एक रात्र मिळते.

१९९६ च्या दिवाळीत ती रात्र आमच्या दादाला मिळाली होती. तो वीस वर्षांचा, मी चौदांचा. मायकेल जॅक्सन मुंबईत अंधेरीला नाचून गेला होता, त्याला पुरता पंधरवडाही झाला नव्हता. आमच्यापर्यंत त्याचे वर्तमानपत्रातले छायाचित्र तेवढे पोचले होते. आमच्या पोरांचा खरा गुरू वेगळा. तमिळमध्ये १९९४ साली निघालेला 'कादलन' हिंदीत 'हमसे है मुकाबला' होऊन आला आणि प्रभुदेवा नावाच्या त्या काटकुळ्या माणसाने गावोगावची पोरे बिघडवली. त्याआधी मिथुन होताच. १९८५ च्या 'मेरी जंग'मधला जावेद जाफरीही कोणी कोणी पाहिला होता. पण मिथुनची नक्कल कोणालाही थोडीफार साधे. प्रभुदेवाला हाडेच नाहीत, अशी आमच्या गावाची खात्री होती.

तो नाच पोरांनी शिकला कसा, ते सांगितले तर आज कोणाला खरे वाटणार नाही. वर्गणी काढून पवनीहून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचा, रात्रभरात तीन चित्रपट पाहायचे आणि सकाळी यंत्र परत. व्हिडिओवाला टेप मागे फिरवू देत नसे. यंत्राचे डोके झिजते म्हणे. तेव्हा दादाने आपल्या चार सोबत्यांत माणसाची वाटणी केली. एकाने फक्त पाय पाहायचे, एकाने हात, एकाने मान आणि खांदे, आणि चौथ्याने जमिनीवर लोळण्याचा भाग. दादा स्वतः ठेका लक्षात ठेवी. दुसऱ्या दिवशी खळ्यावर पाचही जण जमत आणि तुकडे जोडून प्रभुदेवा उभा करीत. कधी पाय एका गाण्याचे आणि हात दुसऱ्याच गाण्याचे येत. पण त्यातून जे निघे ते प्रभुदेवालाही येत नसावे.

शेणाने सारवलेले खळे नाचायला फार चांगले. पाठ टेकून फिरले तर अंग भिंगरीसारखे सुटते. उलटी उडी शिकायला बाजूला तणसाचा ढीग असायचाच. इंग्रजी नावे कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी आपली नावे पाडली. एका हाताच्या बोटातून निघून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत जाणारी लाट म्हणजे 'करंट'. छातीवर आपटून पुढे सरकणे म्हणजे 'बेडूक'. आणि पाठीवर गरगर फिरणे म्हणजे 'भोवरा'. भोवरा दादाचा. गुडघे छातीशी घेऊन तो जो फिरायचा, तो खळ्यावरचा भुसा त्याच्याभोवती उडून गोल कडे उठायचे.

हे सगळे मूळ कुठले, हे मी पुढे वाचले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका इमारतीच्या खालच्या दालनात एका मुलीने नाचगाण्याची बैठक ठरवली. शाळा सुरू होण्याआधी तिला नवे कपडे घ्यायचे होते, आणि त्यासाठी पैसे हवे होते. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ होता, क्लाइव्ह कॅम्पबेल. जमैकाहून आलेले हे कुटुंब. पोराला पुढे जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागले. गाणे थांबून नुसती तालवाद्ये वाजतात तेवढ्यात पोरे सर्वांत जोरात नाचतात, हे त्याने हेरले होते. तो तुकडा म्हणजे 'ब्रेक'. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडा तो लांबवू लागला, आणि त्यावर नाचणारे ते 'ब्रेक-बॉय'. म्हणजे या नाचात मोडण्याचा काही संबंध नाही. आमच्या गावात मात्र हातपाय मोडतात म्हणून ब्रेकडान्स, असाच अर्थ रूढ होता.

हे वाचताना मला दंडार आठवली. तिथेही गाणाऱ्यांचा सूर थांबतो, एकटी ढोलकी उरते, आणि साडी नेसलेला पोरगा गिरकी घेतो. पण हे सुचायला मला फार वर्षे लागली, आणि त्याचा उपयोग ज्याला व्हायचा होता त्याला झाला नाही.

त्या मंडईसाठी दादाला पांढरे बूट आणि गाण्याची कॅसेट हवी होती. पैसे कुठले? त्याने ढोलीतले चार कुडो धान काढून विकले. मी ते पाहिले होते. पाहून गप्पही बसलो असतो. पण मला त्या नाचात जागा हवी होती. मी दोन महिने खळ्याच्या कडेला बसून त्यांचे कपडे सांभाळले होते. सहावा म्हणून घे, असे मी दादाला म्हटले, तेव्हा तो हसला आणि सोबत्यांदेखत म्हणाला, "तू पुस्तकं वाच गा." बाकीचेही हसले. मंडईच्या दिवशी दुपारी बाबा गोठ्यात बैलांना पाणी दाखवीत होते. मी त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो आणि धानाचे सांगून टाकले.

बाबा काही बोलले नाहीत. रात्री दादाची पाळी आली. करंट झाला, बेडूक झाला, आणि दादा भोवऱ्यासाठी पाठीवर गेला, त्याच वेळी बाबा गर्दीतून शांतपणे पुढे आले. शिवी नाही, काठी नाही. टेपची वायर जिथे बोर्डात खोचली होती तिथे गेले आणि ती ओढली. गाणे मध्येच तुटले. दादा मात्र वेगात होता. तो आणखी दोन-तीन वेढे तसाच, आवाजाशिवाय फिरला. लोक आधी स्तब्ध, मग हसले. "घरी चाल," एवढेच बाबा म्हणाले.

पांढरे बूट दुसऱ्या दिवशी चुलीजवळ पडलेले मी पाहिले. पुढे ते गेले कुठे कळले नाही. दादा महिन्याभराने नागपूरला कामाला गेला. त्याच वर्षी सोनी वाहिनीवर 'बूगी वूगी' सुरू झाले होते आणि शहरातले आईबाप पोरांना सजवून तिथे नेत होते. पण आमच्या गावात ती वाहिनी दिसत नव्हती. सात वर्षांनी दादा परतला तो एक अँप्लिफायर घेऊन. त्याचे आज बिछायत केंद्र आहे, मंडप आहे, डीजे आहे. पंचक्रोशीतल्या वराती त्याच्या आवाजावर नाचतात. तो स्वतः कधी नाचला नाही; भावाच्या लग्नातही नाही, आणि तो भाऊ मी.

बाबा २०११ साली गेले. तेरवीला शेजारच्या गावचे एक म्हातारे ढोलकीवाले आले होते. जेवण झाल्यावर सुपारी कातरत ते सहज म्हणाले, "तुमचा बाप का नाचे गा! लुगडं नेसून उभा झाला का बाया तोंडात बोट घालत." आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिलो. १९६० च्या सुमाराला, सोळा-सतरा वर्षांचे असताना, बाबा दंडारीत नाचे पोर होते. केस खांद्यापर्यंत. लग्न ठरताना माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी अट घातली की नाच्याला मुलगी देणार नाही. बाबांनी केस कापले आणि नांगर धरला. ही गोष्ट त्यांनी घरात कधी उच्चारली नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा माझ्या मनात आले ते हेच, की हा मान पाहायला बाबा हवे होते. की तो पाहूनही ते गप्पच बसले असते?

त्या रात्री वायर ओढताना बाबांच्या मनात धान होते की केस, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. चार कुडो धानासाठी ते एवढे करणारे नव्हते.

आता माझ्या मुलीचे पाहा. तिला व्हिडिओवाल्याची मिनतवारी नाही. मोबाइलवर ती एकच वेढा शंभरदा मागे फिरवते, चाल मंदावते, बोट कुठे टेकले ते पाहते. खळी गेली, मळणी यंत्राने धान शेतातच निघते, म्हणून तिला खोका. ब्रॉन्क्सची पोरेही पुठ्ठा अंथरूनच नाचत, हे तिनेच मला सांगितले. सिक्स स्टेप, विंडमिल, फ्रीझ अशी सगळी नावे तिला पाठ आहेत. 'भोवरा' तिला बॅकस्पिन म्हणूनच ठाऊक. तिचा आदर्श आमची जपानची आमी, जिने पॅरिसला सुवर्णपदक घेतले. २०१९ साली या नाचाची एक मोठी जागतिक अंतिम फेरी मुंबईत झाली, वसई-नालासोपाऱ्याकडच्या पोरांचा 'द किंग्ज' हा संघ त्याच वर्षी अमेरिकेतली दहा लाख डॉलरची नृत्यस्पर्धा जिंकून आला. ही माहिती ती आपल्या मामेभावांविषयी बोलावे तशी सांगते. तिला कोणी अडवीत नाही. एक मात्र मला खटकते. दादाच्या वेळी पाच डोकी मिळून एक नाच होत असे. ही एकटी आहे. ती चुकते तेव्हा हसायलाही कोणी नसते.

हसण्यावरून आठवले. पॅरिसमध्ये रेगन या नावाने ऑस्ट्रेलियाची जी बाई उतरली ती छत्तीस वर्षांची, विद्यापीठात शिकवणारी, ब्रेकिंगवरच पीएच.डी. केलेली. तिने कांगारूसारख्या उड्या मारल्या आणि तिन्ही लढतींत तिला परीक्षकांचे एकही मत पडले नाही. साऱ्या जगाने तिची टर उडवली. आमच्या स्टाफरूममध्येही मोबाइल हातोहात फिरला, आणि मीही हसलो. घरी आलो तर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही शिकवता ते कधी असं सगळ्यांसमोर करून दाखवलंत?" मी साधा एम. ए.; माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्याच वर्षीच्या, म्हणजे २०२४ च्या मंडईत तिला नाचायचे होते. आदल्या संध्याकाळी दादा आमच्या अंगणात आपली यंत्रे लावून पाहत होता. तिने खोका अंथरला. दोनदा ती पाठीवर गेली आणि दोन्ही वेळा अर्ध्यातच कलंडली. दादा यंत्रामागून पाहत होता. मग तो उठला, चप्पल काढली, खोक्याजवळ उकिडवा बसला. "हात तिथं नोको टेकू वो बाई, मनगट जाईन. गुडघे छातीशी घे. आणखी. मान उचल." तिने मान उचलली. "मोठेबाबा, तुम्हाला येतं?" दादाने उत्तर दिले नाही. तो यंत्राकडे परत गेला, गाण्याचा आवाज बारीक केला आणि नुसता ठेका ठेवला. तो संपत आला की पुन्हा मागे घेई, पुन्हा सोडी. कूल हर्कचे नाव त्याने कधी ऐकलेले नाही.

मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. बरोबर गोठ्यात बाबांच्या मागे उभा होतो तसा. म्हणालो, "दादा, त्या धानाचं बाबांना मी सांगितलं होतं."

त्याची नजर मुलीवरच होती. "मले मालूम हाये," तो म्हणाला. "तुज्याशिवाय कोनं पाह्यलं होतं?"

"मग बोलला का नाहीस कधी?"

तो काहीतरी बोलणार होता. पण तेवढ्यात आवाज खरखरला आणि क्षणभर तुटला. दादाने वाकून बोर्डाकडे पाहिले. "हा पिन ढिला हाये," तो म्हणाला. "तू इथं बस, अन् धरून ठेव. सोडू नोको."

मी जमिनीवर बसलो आणि दोन्ही हातांनी तो पिन बोर्डात दाबून धरला. मुलगी पुन्हा पाठीवर गेली. या खेपेला ती फिरली.