रोसियू ते किल्ला: लिस्बनची पायवाट

लिस्बनची पायी फेरी रोसियू चौकातून सुरू करणे सोयीचे. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांची नागमोडी फरसबंदी, आणि वर टेकडीवर कार्मू मठाच्या उघड्या कमानी. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी झालेल्या भूकंपात या मठाचे छप्पर कोसळले; ते पुन्हा घातलेच नाही. याच मठाला लागून असलेल्या छावणीत २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही राजवटीने शरणागती पत्करली.

खालचा बाइशा भाग म्हणजे त्या भूकंपाला दिलेले उत्तर. मंत्री पोंबाल यांच्या काळात येथे काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आखले गेले. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला. भोवती सैनिकांना संचलन करायला लावून त्याची परीक्षा घेतली, असे सांगतात. रस्ते संपतात तिथे तेजू नदीकाठचा भव्य चौक. मसाल्याच्या व्यापाराचा कारभार पाहणारे ‘काझा दा इंडिया’ भूकंपापूर्वी इथल्याच राजवाड्याच्या परिसरात होते; गोवा-कोचीहून आलेल्या मालाचा हिशेब तिथे होई. १९०८ मध्ये राजा कार्लुश व युवराज यांची हत्याही याच चौकात झाली.

पूर्वेला कॅथेड्रल ओलांडले की आल्फामाच्या अरुंद, चढत्या गल्ल्या. भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेली ही जुनी वस्ती बाइशाच्या शिस्तीपेक्षा अधिक रमवते. वरचा साँ जॉर्ज किल्ला ११४७ मध्ये मूर सत्तेकडून जिंकला गेला. आजची त्याची तटबंदी मात्र बरीचशी विसाव्या शतकातील जीर्णोद्धाराची आहे.